शिकवायचे कोणी, आणि कोणाच्या खर्चाने? शिरूर-दौंडच्या छोट्या धंद्यांचा हिशेब

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३ व्या फेरीने २०१५-१६ मध्ये देशातले शेतीबाहेरचे असंघटित उद्योग मोजले. सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून ते ६ कोटी ३४ लाख भरले आणि त्यांत काम करणारी माणसे ११ कोटी १० लाख. भागाकार केला की एका उद्योगाच्या वाट्याला पावणेदोन माणसे येतात. महाराष्ट्रात ४७.७८ लाख उद्योग आणि ९०.७७ लाख माणसे, म्हणजे सरासरी १.९. देशातल्या या उद्योगांपैकी सुमारे ८४ टक्के ठिकाणी नियमित पगारी माणूस एकही नाही. मालक, त्याचा भाऊ, बायको, मुलगा, एवढ्यांवरच कारभार चालतो.

हे सर्वेक्षण तालुक्याचे आकडे देत नाही, पण अंदाज बांधता येतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४ होती आणि दौंडची ३,८०,४९६. दोन्ही मिळून ७,६५,९१०. राज्याची लोकसंख्या तेव्हा ११ कोटी २४ लाख. म्हणजे दर शंभर माणसांमागे सव्वाचार छोटे उद्योग. हेच प्रमाण इथे लावले तर दोन तालुक्यांत साडेबत्तीस हजार उद्योग आणि त्यांत ६२ हजार माणसे असावीत. पगारी माणूस ठेवणारे त्यातले १६ टक्के धरले, तर उरतात पाच हजार दोनशे. राज्याच्या सरासरीत मुंबई-पुणे मिसळलेली आहेत, जनगणनाही जुनी झाली आणि शिक्रापूर-सणसवाडीचा पट्टा तेव्हापासून कितीतरी फुगला. त्यामुळे हा आकडा काटेकोर मानू नये. पण पाचशे नाहीत आणि पन्नास हजारही नाहीत, एवढे तो नक्की सांगतो.

कामगारांच्या अंगी हवे ते कौशल्य नाही, ही तक्रार या पाच हजार मालकांची आहे. वेल्डिंगची शेड, लेथचे दुकान, मोटार रिवाइंडिंग, दुचाकीचे गॅरेज, पिठाची गिरणी, बेकरी, हार्डवेअर, कृषी सेवा केंद्र, महामार्गावरचे हॉटेल. कुठल्याही दुकानात विचारा, उत्तर एकच: कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला काम येत नाही. या वाक्यावरून आपण लगेच मुलांच्या शिक्षणाकडे वळतो. आयटीआय वाढवा, अभ्यासक्रम बदला, केंद्रे काढा. आकडे नीट मांडले की मात्र दोष दुसरीकडे सापडतो. पावणेदोन माणसांच्या दुकानात शिकवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि आजवरच्या बहुतेक योजनांनी तो विचारलेलाच नाही.

पगार पुढे, कमाई मागे

असंघटित उद्योगांचे वार्षिक सर्वेक्षण आता नियमित होते. २०२२-२३ मध्ये पगारी माणसामागे उद्योगाला वर्षाला सरासरी १,२४,८४२ रुपये पडत होते. २०२३-२४ मध्ये ते १,४१,०७१ झाले. वाढ १३ टक्के. महिन्याचे पडतात साधारण ११,७५६ रुपये. त्याच काळात दर माणशी मूल्यवृद्धी, म्हणजे कच्चा माल, वीज, वाहतूक वगैरे खर्च वजा जाता धंद्याने घातलेली भर, १,४१,७६९ वरून १,४९,७४२ वर गेली. वाढ ५.६ टक्के.

हे दोन आकडे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. मूल्यवृद्धीच्या सरासरीत बिनपगारी घरची माणसेही मोजलेली आहेत. तरी दिशा स्पष्ट आहे. पगार दर माणशी मूल्यवृद्धीपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने वाढला. कामगाराला जास्त मिळाले हे चांगलेच झाले, महिन्याला पावणेबारा हजारांत घर चालवणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. पण त्या माणसाच्या हातून होणारे काम त्याच वेगाने सुधारले नाही, तर मालक दोनच गोष्टी करतो. माणूस कमी करतो, नाहीतर मुलाला शाळेतून काढून गल्ल्यावर बसवतो. दोन्ही वाटा या तालुक्यांना नव्या नाहीत.

त्यातच शेजारी रांजणगाव. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या या औद्योगिक वसाहतीत एलजी, फियाट, व्हर्लपूल, हायर असे कारखाने आहेत. दौंडच्या बाजूला कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. गावातल्या दुकानात दीड-दोन वर्षे काढलेला, वेल्डिंगवर हात बसलेला मुलगा एक दिवस ‘कंपनीत लागतो’. तिथे शिफ्टची वेळ ठरलेली, बस, कॅन्टीन, पीएफ. ठेकेदारामार्फत का होईना, पण घरी सांगण्यासारखी नोकरी. लग्नाच्या बोलणीत ‘कंपनीत आहे’ या शब्दांना जे वजन आहे, ते ‘गॅरेजमध्ये आहे’ला नाही. त्या मुलाचे काही चुकले नाही आणि कंपनीचेही नाही. पण मालकाने दोन वर्षे जे ओतले ते फुकट गेले, आणि पुढच्या मुलाला शिकवताना त्याचा हात आखडतो.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मधल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात हेच मांडले होते. जे कौशल्य कुठल्याही मालकाकडे चालते, त्याच्या शिक्षणाचा खर्च कुठलाही एक मालक स्वतःहून करणार नाही. तो शिकणाऱ्यालाच कमी पगाराच्या रूपाने भरावा लागतो. आपल्याकडची वस्तादाच्या हाताखाली राहण्याची जुनी रीत नेमकी अशी होती. पहिली दोन वर्षे चहापाणी आणि हातखर्च, मग हजेरी, मग पगार. आता ही रीत मोडली आहे, आणि मोडली ते बरेच झाले, कारण तिच्यात गरिबाच्या मुलाची पिळवणूक पुष्कळ होती. पण तिच्या जागी खर्चाची दुसरी सोय लागली नाही.

साडेचार टक्के आणि साडेसोळा टक्के

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणाचा एक आकडा आहे. १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी ४.४ टक्क्यांनी रीतसर व्यावसायिक प्रशिक्षण घेतले होते आणि १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकले होते: घरच्या धंद्यात, स्वतःच्या खटपटीने, काम करता करता. उरलेले ७९ टक्के कशातच नाहीत.

यातल्या ४.४ ची चर्चा फार होते. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने भारतातले रीतसर प्रशिक्षित कामगारांचे प्रमाण ४.६९ टक्के सांगितले आणि शेजारी जर्मनीचे ७५, जपानचे ८० आणि दक्षिण कोरियाचे ९६ टक्के मांडले. तेव्हापासून ही तुलना प्रत्येक भाषणात येते. तिच्यातून एक मोठी गोष्ट निसटते. ज्या मिस्त्रीने आपल्या घराचे वायरिंग केले, ज्याने ट्रॉलीचे मोडलेले जू जोडून दिले, तो या हिशेबात ‘अप्रशिक्षित’ आहे. रीतसर शिकलेल्या एका मुलामागे चार मुले दुकानात, शेडमध्ये, वडिलांच्या मागे उभी राहून शिकली. शिरूर-दौंडमधली सर्वांत मोठी तंत्रशाळा ही पाच हजार दुकाने आहेत. तिच्या शिक्षकांना मानधन नाही, विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र नाही आणि सरकारी कागदावर ती शाळा अस्तित्वातच नाही.

या शाळेत जे शिकवले जाते ते थोडे जवळून बघू. पाच एचपीची जळालेली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात येते. आधी ती उघडून जुनी वायर काढायची. पण काढण्याआधी स्लॉट किती, एका कॉइलला टर्न किती, वायर कोणत्या गेजची, कॉइलची उडी कितव्या स्लॉटवर, हे टिपून ठेवायचे. मग स्लॉट खरवडून साफ करायचे, त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळून हाताने एकेक स्लॉटमध्ये दाबायची, जोडण्या करायच्या, वॉर्निश ओतून वाळवायची, मेगरने तपासायची. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलची तऱ्हा वेगळी. तिला प्लास्टिकचे आवरण असलेली वायर लागते, कारण आत पाणीच असते. टर्न कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढते आणि उसाला पाणी देता देता पुन्हा जळते. वस्तादाकडे वर्षानुवर्षांच्या नोंदींची एक वही असते: कोणत्या कंपनीच्या, किती एचपीच्या मोटारीला किती टर्न, कोणते गेज. ती वही हेच त्या दुकानाचे भांडवल. मुलाला ती कधी उघडून दाखवायची, हे वस्ताद ठरवतो. मुलगा चार महिन्यांत निघून जाईल आणि समोरच दुकान टाकेल अशी शंका असेल, तर वही कपाटातच राहते.

तासांचा हिशेबही बोलका आहे. आयटीआयच्या सध्याच्या रचनेत वर्षाला १,२०० तास आहेत: पहिल्या वर्षी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० सिद्धांताचे आणि १२० रोजगारक्षमता कौशल्यांचे. शिवाय १५० तास प्रत्यक्ष काम किंवा प्रकल्प. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, म्हणजे मुख्य तास २,४००. दुकानात रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर २,४०० तास एका वर्षातच भरतात. तरी आयटीआयचा मुलगा आकृती वाचतो आणि दुकानातल्या मुलाला ती वाचता येत नाही. उलट दुकानातला मुलगा गिऱ्हाइकाशी बोलतो, अडलेले काम सोडवतो. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्याला ते जमत नाही. दुकानातल्या तासांपैकी किती झाडलोटीत, सामान आणण्यात आणि नुसते धरून उभे राहण्यात जातात, ते कोणी मोजत नाही. मोजले पाहिजेत. शिकण्याचे तास त्यातूनच काढायचे आहेत.

मध्येच यंत्र बदलले

हाताखाली शिकण्याची एक मर्यादा अशी, की वस्तादाला जे येते तेवढेच पुढे जाते. गेल्या काही वर्षांत छोट्या धंद्यांतले तंत्र ठरावीक तारखांना बदलले आणि वस्तादच मागे पडले.

१ एप्रिल २०२० ला वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतर विकल्या गेलेल्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटर गेला आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. शिरूरच्या बसस्थानकाजवळ किंवा चौफुल्याच्या चौकात वीस वर्षे गॅरेज चालवणारा मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा. आता दोष सेन्सरमध्ये असू शकतो, आणि तो कळायला स्कॅनर लागतो. स्कॅनर विकत मिळतो, पण त्याने दाखवलेला कोड वाचून पुढे काय करायचे, हे तो कुठे शिकणार?

हिशेबाच्या बाजूला १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ई-इन्व्हॉइसची सक्ती ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत खाली आली. रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या अनेक मध्यम शेड या रेषेच्या आजूबाजूला आहेत. तिथे लेथ चालवणाऱ्याइतकीच बिल नीट करणाऱ्या माणसाची गरज आहे.

गुऱ्हाळांचे उदाहरण उलट्या बाजूचे. केडगाव, यवत, राहू, पाटस या पट्ट्यात उसाबरोबर गुऱ्हाळे वाढली. गूळ धरण्याची वेळ साधारण ११८ अंश सेल्सिअसला येते. कसबी गुळव्या थर्मामीटर न लावता, काकवीचा धागा आणि फेस बघून ती ओळखतो. हे काम आता बऱ्याच ठिकाणी उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर करतात. कसब तालुक्यात आहे, पण तालुक्यातल्या मुलांच्या हातात नाही. हंगाम संपला की ते परत जाते.

सर्वांत मोठा बदल पंपाचा. राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे ७.५ एचपी. पाच वर्षे दुरुस्तीची हमी पुरवठादाराची. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठच्या, कालव्याखालच्या या दोन तालुक्यांत पंप म्हणजे शेतीचा प्राणच. आज दुरुस्ती कंपनी करते, म्हणून गावातला रिवाइंडिंगवाला सौर पंपाला हातच लावत नाही, आणि हात लावायला मिळत नाही म्हणून शिकत नाही. २०२४-२५ मध्ये बसलेल्या पंपांची पाच वर्षे २०२९-३० मध्ये संपतील. तेव्हा पॅनेलमधून येणारा काहीशे व्होल्टचा डीसी प्रवाह, कंट्रोलर आणि ड्राइव्ह हे सगळे त्याच दुकानाच्या दारात येईल. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही. न शिकता तिथे हात घालणारा माणूस भाजेल.

योजना कोणाच्या मापाने शिवल्या

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याखालचे नियम २०१९ मध्ये सुधारले. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. म्हणजे चार माणसे नसलेले दुकान या दारातच अडते. आणि आपली सरासरी तर १.९.

जे दुकान चार माणसांच्या वर आहे त्याचा हिशेब बघा. २०१९ च्या दराने दहावी पास शिकाऊ उमेदवाराला किमान ६,००० रुपये विद्यावेतन. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार त्याच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये देते. उरले ४,५०० दरमहा, वर्षाला ५४,०००. शिवाय वस्तादाचा वेळ. रोज एक तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस शिकवले तर वर्षात ३०० तास; त्याच्या तासाला फक्त २०० रुपये धरले तरी ६०,०००. एका मुलामागे १ लाख १४ हजार, आणि शेवटी तो कंपनीत लागण्याची शक्यता. हा खर्च न करणाऱ्या मालकाला मी दोष देणार नाही.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० असे विद्यावेतन सरकारच देऊ लागले. आधी सहा महिने, मग अकरा. मालकाचा विद्यावेतनाचा भार त्यात उतरतो, हे मोठेच पाऊल. पण शिकवण्याच्या वेळेचे काय, हे तिथेही कोरेच आहे. आणि बारावीच्या आत अडकलेला मुलगा, जो गॅरेजमध्ये येतो, तो या योजनेत बसत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, नाभिक, परीट. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, पंधरा दिवसांचे प्रगत, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये. हातावर पोट असलेल्या कारागिरापर्यंत पोहोचणारी ही दुर्मीळ योजना आहे. मात्र रिवाइंडिंग, वेल्डिंग, लेथ, दुचाकी दुरुस्ती यांतले काहीच त्या अठरांत नाही. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातल्या ३४ जिल्ह्यांत एकदम ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले, प्रत्येकी सुमारे शंभर मुलांसाठी. आयटीआय तर राज्यात सरकारीच चारशेहून अधिक आहेत. या सगळ्यांत मुलगा केंद्राकडे जातो. दुकानाकडे कोणी जात नाही.

पाबळमध्ये काय झाले होते

शिरूर तालुक्यातच याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी शोधले गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. केली होती, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर काम केले. निवृत्तीनंतर १९८३ मध्ये ते पाबळला आले आणि विज्ञान आश्रम उभा केला. त्यांनी मुद्दाम अवर्षणप्रवण, कुठल्याही खास सोयी नसलेले गाव निवडले, कारण इथे जे जमेल ते इतरत्रही जमावे.

त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी आजच्या प्रश्नाला थेट भिडतात. पहिली, शाळेतून गळालेल्या मुलांसाठी त्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एका वर्षाचा निवासी अभ्यासक्रम बनवला. अभियांत्रिकी, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य, चारही विभाग प्रत्येकाने शिकायचे. गावात एकाच प्रकारच्या कामावर पोट भरत नाही. सकाळी वेल्डिंग आणि दुपारी पंपाची पाइपलाइन, असेच काम येते. म्हणून मुलाला एक नव्हे, चार हात द्यायचे. शिकणेही खोट्या नमुन्यांवर नाही. गावातल्या लोकांना लागणारी खरी कामे, खऱ्या पैशांत. गिऱ्हाईक परत आले की चूक कळते.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आणला, आणि शिकवायला गावातलेच उद्योजक, कारागीर घेतले. आठवड्यातला एक दिवस. त्या कारागिराला शाळेकडून मानधन, आणि शाळेची यंत्रे त्याला धंद्यासाठी वापरायची मुभा. शिकवण्याच्या वेळेचा मोबदला त्याला मिळाला. वर मांडलेल्या हिशेबात जे ६०,००० कोणाच्याच खात्यात नव्हते, ते पाबळने खात्यावर आणले. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब याच पाबळला सुरू झाली, ती काही योगायोगाने नाही. कामातून शिकणारी माणसे तिथे आधीपासून तयार होती.

दौंड तालुक्याकडे तर याहून जुनी साक्ष आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस मुक्ती मिशन वसवले. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि बायका तिथे विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना असे व्यवसाय शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचे काम मिशनमधल्या बायकांनी केले. सव्वाशे वर्षांपूर्वी केडगावची बाई छापयंत्र चालवत होती. आज त्याच तालुक्यात मुलींसाठी कौशल्य म्हटले की शिवण आणि ब्यूटी पार्लर, याच्या पुढे आपण क्वचितच जातो. मोटार रिवाइंडिंगला ताकद नव्हे, बोटांची चिकाटी लागते. सौर कंट्रोलर दुरुस्तीला तर त्याहून नाजूक हात लागतो. पाच हजार दुकानांत माणूस मिळत नसताना निम्मी माणसे हिशेबातच न धरणे, हे या दोन तालुक्यांना परवडणारे नाही.

पाच दुकाने, एक मुलगा

शिकाऊ उमेदवार कायद्यातच एक तरतूद आहे, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन, शिकाऊ उमेदवाराला आपापल्या दुकानांत फिरवत शिकवायची मुभा कायदा देतो. २०१४ च्या दुरुस्तीने हे काम मान्यताप्राप्त संस्थेमार्फतही करता येते. जर्मनीत कारागिरांची चेंबर्स अशीच सामायिक कार्यशाळा चालवतात. छोट्या दुकानात जे शिकवता येत नाही ते तिथे शिकवले जाते. आपण ७५ टक्क्यांचे कौतुक करतो, पण त्यामागची ही रचना बघत नाही.

केडगाव-चौफुला परिसरात रिवाइंडिंग, फॅब्रिकेशन, लेथ, दुचाकी गॅरेज आणि इलेक्ट्रिकलचे एक अशी पाच दुकाने एकत्र आली असे धरू. मुलगा प्रत्येक दुकानात दहा आठवडे राहील. वर्षाचे पन्नास आठवडे झाले. विद्यावेतन ७२,०००, केंद्राचे १८,०००, उरले ५४,०००. पाचांत वाटले तर दुकानामागे वर्षाला १०,८०० रुपये, महिन्याला ९००. एकट्याने साडेचार हजार भरण्यापेक्षा पाचजणांनी नऊशे भरणे कितीतरी सोपे. वस्तादाचे ३०० तासही पाचांत विभागले, प्रत्येकी ६०. मुलगा कंपनीत गेला तर नुकसान पाचांचे, एकट्याचे नाही. आणि पाचही कामे येणारा मुलगा कंपनीत हेल्पर म्हणून लागण्यापेक्षा गावात स्वतःचे दुकान टाकण्याची शक्यता जास्त. पाबळची मांडणी याच विश्वासावर उभी आहे.

वस्तादाच्या ६० तासांना २०० रुपयांनी १२,००० होतात, पाचांचे ६०,०००. हे सरकारने द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या विद्यावेतनातला वाटा सरकारने उचलला. शिकवणाऱ्याचा उचलला नाही. पाच हजार दुकानांच्या अंदाजातून दहा टक्के, म्हणजे पाचशे दुकाने अशा शंभर गटांत आली, तर दोन्ही तालुक्यांसाठी वर्षाला लागतात ६० लाख रुपये. शंभर मुले-मुली, प्रत्येकी पाच कामे. राज्याच्या कौशल्य विभागाला हा खर्च जड नाही.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. चारपेक्षा कमी माणसांच्या दुकानाला आजचे नियम आत घेत नाहीत. पाच दुकानांचा गट एक आस्थापना मानायची सोय नियमांत करावी लागेल. पोर्टलवरची नोंदणी, करार, दरमहाची हजेरी हे सगळे ज्या मालकाला जीएसटीचे बिल दुसऱ्याकडून करून घ्यावे लागते त्याला जमणार नाही. हे काम शासकीय आयटीआयने करावे. दोन्ही तालुक्यांत आयटीआय आहेत, त्यांच्याकडे निदेशक आहेत, यंत्रे आहेत, आणि आकृती वाचायला शिकवण्याची जी बाजू दुकानाला जमत नाही ती त्यांना जमते. मुलाने आठवड्यातला एक दिवस आयटीआयमध्ये, पाच दिवस दुकानात काढावेत. वस्तादाची स्वतःची परीक्षा घेऊन त्यालाही आरपीएलचे, म्हणजे आधीच आत्मसात केलेल्या कौशल्याला मान्यता देणारे प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे शिकवण्याचा अधिकार कागदावर येईल. ज्यांत वस्ताद मागे पडलाय ते सौर पंप आणि फ्युएल इंजेक्शन आयटीआयनेच त्याला शिकवावे, दुकान बंद ठेवायला न लावता, संध्याकाळी.

वर्षअखेरीची परीक्षाही दुकानातच व्हावी: जळालेली मोटार समोर ठेवायची, आणि मुलीने किंवा मुलाने स्लॉट मोजण्यापासून मेगरपर्यंतचे काम परीक्षकासमोर पूर्ण करायचे. पहिला गट येत्या जूनमध्ये सुरू झाला, तर २०२९-३० मध्ये सौर पंपांची हमी संपायला लागेल तोवर त्याच दुकानांतून निदान दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असतील.